डिव्होर्स दहा मिनिटांत झाला, फ्लॅटला आठ महिने लागले

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने डबा खाता खाता हळूच विचारलं, ताई तुमचा डिव्होर्स म्युच्युअल होता ना, दोघांच्या संमतीने, मग किती दिवस लागले? मी म्हणलं, कोर्टाला का सगळ्याला? ती नुसती बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी मलाही हा प्रश्न कळला नसता. मग घरी आले, पोराला झोपवलं आणि म्हणलं एकदाच सगळं लिहून काढावं, म्हणजे दर वेळी डब्याच्या सुट्टीत अर्धवट सांगायला नको.

आम्ही का वेगळे झालो ते लिहिणार नाही. त्याचं त्याच्याजवळ, माझं माझ्याजवळ. मारहाण नव्हती, बाहेर कुणी नव्हतं, एवढं सांगते कारण लोक तेच पहिलं विचारतात. लग्न डिसेंबर २०११, मुलगा २०१५ चा, पुण्याजवळ रावेतला टू बीएचके २०१६ मध्ये घेतला, दोघांच्या नावावर, लोनही दोघांच्या नावावर. लॉकडाऊननंतर एकाच घरात दोन खोल्यांत राहत होतो आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो वाकडला भाड्याने राहायला गेला. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, व्हाउचरला सही नसेल तर मला रात्री झोप लागत नाही, हे पुढे कामाला आलं.

हिंदू विवाह कायद्यात १३ ब कलम आहे, परस्पर संमतीचा घटस्फोट म्हणजे तेच. त्यात अर्ज करायच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मला वाटायचं वेगळं म्हणजे वेगळा पत्ता, वेगळं रेशनकार्ड, पण वकीलबाई म्हणाल्या की एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तरी ते वेगळंच धरतात, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. आम्हाला गरज पडली नाही कारण तो बाहेर राहायला जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि त्याचं भाडेकरार रजिस्टर्ड होतं. पण ज्यांना बाहेर दुसरं भाडं परवडत नाही त्यांना हे माहीत असलेलं बरं.

पहिल्या वकिलाने फी सांगितली सव्वा लाख, सगळं आम्ही बघतो मॅडम तुम्ही फक्त सह्या करा. या "फक्त सह्या करा"लाच मी घाबरले. दुसऱ्या वकीलबाई मैत्रिणीच्या ओळखीच्या, पंचेचाळीस हजार सांगितले, दोन टप्प्यांत. दोघांनी मिळून एकच वकील केला, म्युच्युअलमध्ये बरेच जण तसंच करतात. नवऱ्याने ड्राफ्ट त्याच्या कॉलेजमधल्या एका वकील मित्राला दाखवून घेतला. मला तेव्हा राग आला होता, विश्वास नाही का म्हणून, आता वाटतं बरोबरच केलं त्याने.

कारण ड्राफ्टची गंमत ऐका. पहिला ड्राफ्ट मेलवर आला, मी रात्री जेवण झाल्यावर पेन घेऊन बसले, आणि तिसऱ्या पानावर लिहिलेलं की सदर विवाहातून पक्षकारांना दोन मुली असून त्यांचा ताबा आईकडे राहील. आम्हाला एक मुलगा. पुढे पाचव्या पानावर कुणाचं तरी सोलापूरचं घर आमच्यात वाटून दिलेलं. आधीच्या केसची फाईल उघडून नावं बदललेली, बाकी तसंच ठेवलेलं. फोन केला तर म्हणाल्या हो हो टायपिस्टने केलं असेल, करेक्ट करू. करू म्हणजे काय, मी स्वतः एकेक ओळ लाल करून पाठवली, तीन वेळा.

कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टात दिलेल्या अटी, हाच तुमचा डिव्होर्स, बाकी सगळा सोपस्कार. कोर्ट भांडण सोडवत नाही तिथे, तुम्ही जे लिहून दिलं त्यावर शिक्का मारतं, आणि उद्या काही झालं तर ते लिहिलेलंच बघणार, तुमच्या मनात काय होतं ते नाही. आमच्या टर्म्समध्ये मुलाच्या खर्चाचं वाक्य आधी असं होतं, "मुलगा सज्ञान होईपर्यंत वडील दरमहा रुपये १५,००० देतील." छान वाटलं. मग मी बोटावर हिशोब केला, मुलगा जून २०१५ चा, अठरा पूर्ण होतात जून २०३३ ला, तेव्हा तो बारावीत असेल, म्हणजे खरा खर्च सुरू व्हायच्या तोंडावर पैसे बंद. मग ते "पदवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत" असं केलं. दुसरं म्हणजे १५,००० हे २०२४ चे १५,०००, म्हणून दर एप्रिलला आठ टक्के वाढ घातली, तो दहाला तयार नव्हता, मी पाचला, आठवर तुटलं. आणि "शाळेची फी निम्मी-निम्मी" हे जे सगळ्यांच्या टर्म्समध्ये असतं ना, त्यात बस येत नाही, युनिफॉर्म येत नाही, वह्या-पुस्तकं येत नाहीत, क्लास तर नाहीच नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या एवढं कुणी लिहीत नाही. मी म्हणलं आपण लिहू. फी, बस, युनिफॉर्म, पुस्तकं, एक क्लास, आणि वीस हजारांच्या वरचा दवाखाना, असं नावानिशी लिहिलं, बिल व्हॉट्सॲपवर टाकल्यापासून पंधरा दिवसांत निम्मे द्यायचे. आजपर्यंत त्यावरून एकदाही वाद झालेला नाही, बाकी कशाकशावरून झालाय तो भाग सोडा.

माझ्यासाठी पोटगी मी घेतली नाही, मला पगार आहे. पण मुलाचे पैसे मी सोडू शकत नाही हे वकीलबाईंनी दोनदा सांगितलं. तो हक्क मुलाचा आहे, आईने लिहून दिलं की नको म्हणून तो संपत नाही. हे ज्या बायका "मला त्याचा एक रुपया नको" म्हणून तावातावाने सही करून येतात त्यांनी जरा थांबून ऐकावं. मीपण त्यातलीच होते पहिल्या महिन्यात.

मुलाच्या भेटीचं लिहायला सोपं वाटतं, पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी. अडकलो कुठे तर गणपतीवर. त्यांच्याकडे कराडजवळ गावी पाच दिवसांचा गणपती असतो, आजोबा अजून स्वतः आरास करतात, आणि पोराला त्याचं भयंकर वेड. माझ्या आईकडे दीड दिवसाचा. आई म्हणाली आता कशाला पाठवायचं तिकडे. मी दोन रात्री विचार केला आणि लिहून टाकलं की गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गौरी विसर्जनापर्यंत मुलगा वडिलांकडे, दिवाळीचा पाडवा आणि भाऊबीज एक वर्षाआड. वकीलबाई हसल्या, म्हणाल्या जज साहेबांना हे आवडेल. पासपोर्टचंही एक वाक्य घातलं की अर्जावर आणि संमतीपत्रावर दोघंही अडवणूक न करता सही करतील. ते माझ्या मावसबहिणीच्या केसवरून शिकले, तिच्या मुलीची शाळेची सिंगापूरची ट्रिप बापाच्या एका सहीसाठी राहिली.

आता सोनं. लॉकर जॉइंट होता, दोघांनी जाऊन उघडला, आणि तिथून थेट सोनाराच्या पेढीवर, कारण यादीत वजन लिहायचं होतं. लग्नात मुलीला जे मिळतं, माहेरचं असो की सासरचं, ते तिचं स्त्रीधन, तिचा स्वतःचा मालकी हक्क, नवरा किंवा सासू ते नुसते सांभाळणारे. हे मला पाठ झालं होतं. पण सासूबाईंनी लग्नात घातलेले तोडे त्यांच्या सासूचे होते, आणि त्यांनी लेकाकडून निरोप पाठवला की बाकी काही नको पण पाच तोळ्यांचे तोडे घराण्यातले आहेत. मी द्यायला तयार होते. सोनाराने काट्यावर ठेवले, ५८ ग्रॅम आणि वर काहीतरी. म्हणाला पावणेसहा तोळे. झालं, हा म्हणतो आई पाच म्हणते, म्हणजे आठ ग्रॅम जास्तीचे कुणाचे, मी म्हणते अरे मी काय त्यात घातलेत का, गिऱ्हाइकं बघायला लागली. शेवटी सोनाराचे वडील आतून आले, म्हातारे, म्हणाले अहो जुना तोळा अकरा ग्रॅम सहासष्टचा, आताचा आमचा दहाचा, आजींचे पाच तोळे पाचच आहेत, कुणी काही घातलं नाही कुणी काही काढलं नाही. आम्ही दोघं एकदम गप्प. बऱ्याच दिवसांनी दोघांना एकाच वेळी हसू आलं, तेवढंच. मग यादीत तोळा हा शब्दच ठेवला नाही, सगळं ग्रॅममध्ये. ठुशीचं लाखेसकट वजन वेगळं लिहून घेतलं. तोडे मी परत दिले, त्यावर वकीलबाई रागावल्या, पण टर्म्समध्ये "स्त्रीधन मिळालं, तक्रार नाही" लिहिताना कोणतं मिळालं आणि कोणतं मी स्वखुशीने परत दिलं हे दोन्ही आलं पाहिजे एवढं त्यांनी करून घेतलं.

कागदांत आधार, पॅन, पत्त्याचे पुरावे, फोटो, मॅरेज सर्टिफिकेट, लग्नपत्रिका. पत्रिका आईच्या कपाटात सात सापडल्या. लग्नाचा एक फोटोही लावायचा होता, दोघांचे चेहरे नीट दिसतील असा. अल्बम काढून बसले तर निम्म्या फोटोंत मुंडावळ्या डोळ्यांवर, उरलेल्यांत कुणाची तरी आत्या मध्ये. शेवटी सप्तपदीचा एक मिळाला. झेरॉक्सवाला म्हणाला कलर काढू का, मी म्हणलं ब्लॅक अँड व्हाइट चालेल.

११ मार्च २०२४ ला शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात फाईल झालं. तिथे पहिल्यांदा गेल्यावर मला वाटलं सगळे आपल्याकडे बघतायत. कोणी बघत नव्हतं. तिथे जो तो आपापल्या तारखेत असतो, बाकावर डबे उघडलेले, कुणाचे वडील चष्मा शोधतायत, एक बाळ सगळ्यांच्या चपलांमधून रांगतंय. समुपदेशक बाईंकडे पाठवलं, दोघांना एकत्र, मग वेगवेगळं. त्या काही सिनेमातल्यासारखं नांदा सौख्य भरे करत नाहीत, शांतपणे विचारतात, कुणाचा दबाव आहे का, मुलाचं काय ठरवलंय, टर्म्स तुम्ही स्वतः वाचल्यात का. या शेवटच्या प्रश्नाला त्याने "हिने वाचल्यात" असं उत्तर दिलं. बाईंनी त्याला बाहेर बसवून पूर्ण वाचायला लावल्या, चाळीस मिनिटं. मला त्या बाई फार आवडल्या.

आता कूलिंग पीरियड. अर्ज दाखल केल्या तारखेपासून सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की विचार तोच आहे. अठरा महिन्यांच्या आत हे करायचं. लोकांना वाटतं पहिल्या जबाबापासून सहा महिने, पण तसं नाही, दाखल केल्यापासून. हे सहा महिने माफही होतात, २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दाखल करायच्या आधीच दीड वर्ष वेगळे असाल, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील, पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असेल आणि थांबण्याने नुसता त्रासच वाढणार असेल तर कोर्ट ही मुदत सोडू शकतं. आम्ही त्यात बसत होतो. तो म्हणाला अर्ज टाकू, संपवू. मीही तयार. वकीलबाई म्हणाल्या, थांबा, फ्लॅटचं काय?

आणि इथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

टर्म्समध्ये ठरलं होतं की फ्लॅट मला, त्याचं उरलेलं लोन मी फेडणार, तो आपला निम्मा हिस्सा सोडणार. सुरुवातीला तो बारा लाख मागत होता, पण डाउन पेमेंट बहुतेक माझ्या बाबांचं होतं आणि लोन अजून तीस लाखांच्या आसपास शिल्लक, तेव्हा बँकेच्या यादीतून आपलं नाव निघतंय हेच त्याला बरं वाटलं आणि पैसे न घेता द्यायला तयार झाला. आता देणार कसं? वकीलबाईंनी जे सांगितलं ते मी डायरीत चौकट करून लिहिलंय. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. नोंदणीचे आणि बाकीचे अधिभार काय लागतील ते वेगळे, पण मुख्य ड्युटी दोनशे रुपये. हीच गोष्ट डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, झाल्यावर करायला गेलात तर तुम्ही आता नवरा-बायको नाही, दोन परके, मग पूर्ण बाजारभावाने टक्केवारी. आणि मधे पैसे दिले-घेतले असतील तर ते बक्षीसपत्रच नाही, बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. म्हणजे तुम्हाला सहा महिने नकोत, तुम्हाला सहा महिने पाहिजेत, असं त्या म्हणाल्या. माफीचा अर्ज आम्ही टाकलाच नाही.

बँकेत गेले. नाव लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच असेल. तिथली मुलगी म्हणाली, को-बॉरोअर, म्हणजे जोडीचा कर्जदार, काढायचा तर आधी डिव्होर्सची डिक्री आणा. मी म्हणलं डिक्रीच्या आधी बक्षीसपत्र करायचंय, त्याला तुमची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, घर तुमच्याकडे गहाण आहे. ती म्हणाली एनओसी को-बॉरोअर काढल्यावर. मी म्हणलं मग डिक्री झाल्यावर बक्षीसपत्र कसं करू? ती म्हणाली ते मॅम तुम्ही तुमच्या वकिलांना विचारा. असं चार वेळा. मध्ये हेही कळलं की कोर्टाच्या कागदात काहीही लिहा, "लोन बायको फेडेल" लिहा नाहीतर "नवरा फेडेल" लिहा, बँक त्या कराराला बांधील नाही, लोनवर ज्यांच्या सह्या आहेत ते सगळे तिच्यासाठी देणेकरी.

आणि ते कसं, हे आम्हाला लगेच दिसलंच. टर्म्सवर सही झाली म्हणून त्याने एप्रिलपासून आपला निम्मा हप्ता टाकणं बंद केलं, त्याच्या मते आता लोन माझं. माझ्या मते डिक्रीपर्यंत निम्मं-निम्मं. दोघांपैकी कुणी हे लिहिलं नव्हतं! दोन-मुलींचं-सोलापूरचं-घर पकडणारी मी, आणि हे सुटलं. एप्रिल आणि मे असे दोन हप्ते ईसीएस बाउन्स, दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, घसरला, त्याचाही आणि माझाही, आणि नेमकं आता बँक माझ्या एकटीच्या पगारावर लोन नव्याने तोलणार होती. निकाल आला, सव्वीस लाखांपर्यंत तुम्ही एकट्या चालाल, वरचे चार लाख आत्ता भरा. एफडी मोडली, उरलेले भावाने दिले, ते अजून फेडतेय. तेव्हा त्याला फोनवर जे बोलले ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही हप्त्यांचे निम्मे पैसे टाकले, पण सिबिलला ते कोण सांगणार.

तिढा सुटला तो असा की शाखेतून काही होईना म्हणून मी सगळी फाईल घेऊन त्यांच्या वरच्या ऑफिसला गेले, जिथे लोनच्या फाईली खरं म्हणजे बघतात. तिथल्या साहेबांनी सही केलेल्या टर्म्स आणि कोर्टात दाखल असल्याची कॉपी बघितली, पाच मिनिटं वाचलं, आणि म्हणाले चार लाख भरा, मग आम्ही बक्षीसपत्रापुरती एनओसी देतो, गहाण तसंच राहील, आणि डिक्री आली की त्यांचं नाव काढू. एवढंच होतं. ऑगस्टमध्ये पैसे भरले, एनओसी आली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण मध्ये एकदा त्यात फ्लॅट नंबर चुकला होता.

दुय्यम निबंधक कार्यालयातला तो दिवस मी विसरणार नाही. टोकन, गर्दी, फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, एक माझा भाऊ आणि एक त्याचा मित्र, दोघं एकमेकांकडे न बघता एकाच बाकावर. ऑपरेटर पोरगा स्क्रीनवर वाचत म्हणाला, गिफ्ट डीड, पतीकडून पत्नीला, वा ताई, फ्लॅट गिफ्ट, नशीब काढलंत, ॲनिव्हर्सरी का? मी काहीच बोलले नाही. हा म्हणाला, हो, तसंच काहीतरी. आणि अंगठा पुन्हा ठेवा म्हणाला पोरगा, सर तुमचा घेत नाहीये, पुसून ठेवा. त्याने रुमाल काढून अंगठा पुसला. घामाने भिजला होता. मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की आपण हे खरंच करतोय.

त्याच्या बाजूनेही ही रिस्क होती हे सांगायला हवं. दोघांपैकी कुणीही डिक्रीच्या आधी कधीही संमती मागे घेऊ शकतं, तसा कायदाच आहे. घर नावावर करून दिल्यावर मी फिरले असते तर? त्याच्या वकील मित्राने त्याला हेच सांगितलं होतं. उलट बायका पैशांच्या बाबतीत याच कारणासाठी निम्मा डीडी दाखल करताना आणि निम्मा शेवटच्या तारखेला जजसमोर घेतात. आम्ही बक्षीसपत्र सहा महिने उलटून गेल्यावर आणि शेवटची तारीख हातात आल्यावर केलं, म्हणजे मधलं अंतर कमीत कमी. त्याच्या मित्राचा सल्ला होता, चांगला सल्ला.

शेवटची तारीख २६ नोव्हेंबर २०२४. शपथपत्रं आधी दिलेली. साडेदहाला गेलो, बोर्डावर आमचा नंबर सतरा, पुकारा झाला पावणेएकला. जज मॅडमनी टर्म्सची पानं उलटली, विचारलं, दोघांनी समजून सह्या केल्यात? कुणाची जबरदस्ती? मुलाला भेटण्यात अडचण? गणपतीच्या कलमावर थांबल्या, वर बघितलं, काही बोलल्या नाहीत. फ्लॅटचं झालं का, झालं मॅडम, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, जोडलाय. सही इथे. तेरा वर्षांचं दहा मिनिटांत. बाहेर आल्यावर त्याने विचारलं चहा घेणार का, मी नाही म्हणलं, माझी हाफ डे होती.

संमतीच्या डिक्रीवर अपील नसतं, पण कागद म्हणजे नक्कल हातात येईपर्यंत काहीच हलत नाही. नकलेसाठी अर्ज करावा लागतो, आपोआप कोणी देत नाही. मी तीन सर्टिफाईड कॉपी मागितल्या, सहा मागायला हव्या होत्या, कारण प्रत्येक जण ओरिजिनल बघायला मागतो आणि दोघं ठेवून घेतात. बँकेत त्याचं नाव निघायला डिक्रीनंतर सात आठवडे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेचा मिळकतकर, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म.

आणि नॉमिनी! हे बहुतेक लोक विसरतात. डिव्होर्स झाला म्हणून कुठलंही नाव आपोआप पुसलं जात नाही. माझ्या पीएफला तो, टर्म इन्शुरन्सला तो, एलआयसीच्या जुन्या पॉलिसीला तो, म्युच्युअल फंडाला तो, डीमॅटला कुणीच नाही. मी एक एक्सेल केली, अठ्ठावीस ओळींची, आणि दर रविवारी दोन ओळी हिरव्या करायच्या असं ठरवलं. मुलगा लहान म्हणून नॉमिनीचा अपॉइंटी, म्हणजे तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने पैसे घेणारा, म्हणून भाऊ. ऑफिसच्या मेडिक्लेममधून त्याचं नाव काढायला एचआरला मेल टाकली तेव्हा त्याच दिवशी अख्ख्या फ्लोरला कळलं, असो. नाव मात्र मी बदललं नाही. पॅन, आधार, पीएफ, डिग्री, मुलाच्या शाळेचे कागद, सगळं लग्नानंतरच्या नावाने आहे, राजपत्रात छापून पुन्हा ही सगळी वारी कोण करणार. डिव्होर्स झाला म्हणून नाव बदललंच पाहिजे असं काही नाही. आईला ते आवडलेलं नाही.

हे सगळं म्युच्युअलचं. ऑफिसातल्या त्या मुलीचं कदाचित म्युच्युअल होणार नाही, नवरा तयार नाही म्हणते. तिकडे रस्ताच वेगळा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितल्यापासून पोटगीचा वाद असेल तर दोघांनाही पगार, खाती, कर्ज, गुंतवणूक सगळ्याचं शपथपत्र द्यावं लागतं. म्हणून तिला मी एकच सांगितलं, वकिलाकडे जायच्या आधी तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं, लोनचे कागद, सोन्याच्या पावत्या आणि मुलीचा जन्मदाखला एका फाईलमध्ये लाव, आणि फाईल माहेरी ठेव.

माझ्या एक्सेलमध्ये आता एकच ओळ पिवळी उरलीय, महावितरण. मीटर त्याच्या नावावर घेतलेला, नाव बदलायचा ऑनलाइन फॉर्म दोनदा भरला, दोनदा कुठल्याशा कागदावरून परत आला. बिलाचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर जातो. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला त्याचा व्हॉट्सॲप येतो, लाईटबिल आलंय, १,८४०, भरलंस का. मी अंगठा टाकते.